बोत्स्वानाचं यश हिऱ्यांचं की सेरेत्से खामांचं?

प्रश्न असा आहे: बोत्स्वानाला हिरे सापडले म्हणून तो देश वर आला, मग त्यात देशाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांचं कर्तृत्व काय?

हिरे काँगोत निघाले, सिएरा लिओनमध्ये निघाले, अंगोलातही निघाले. तिथे पुढे त्याच हिऱ्यांच्या पैशावर यादवी युद्धं पोसली गेली. म्हणून मी आधी हे बघतो की हिऱ्याचा पैसा कोणाच्या तिजोरीत जाणार, हे कधी ठरलं. बोत्स्वानात ते 1967 मध्येच ठरलं, पहिली खाण सुरू व्हायच्या चार वर्षं आधी. आणि ज्यांनी ते ठरवलं, त्यांच्याच जमातीला त्याची झळ सर्वात जास्त बसली.

माणूस आधी थोडक्यात सांगतो. जन्म 1 जुलै 1921, गाव सेरोवे, बामांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. वडील लहानपणीच गेले, कारभार काका त्शेकेदी बघत. शिकायला इंग्लंडला गेले आणि 1948 मध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या इंग्रज मुलीशी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी वर्णभेदवाले सत्तेवर आले होते, आणि ब्रिटनला त्यांचं सोनं आणि युरेनियम हवं होतं. तेव्हा या मुलखावर राज्य करणाऱ्या ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने 'हा माणूस गादीला लायक आहे' असं म्हटलं, तर तो अहवालच दाबून ठेवला आणि सेरेत्सेंना हद्दपार केलं. 1956 मध्ये गादीवरचा हक्क सोडून ते परतले. या प्रेमकथेवर लोक पानंच्या पानं लिहितात, मी इथेच थांबतो. राजकारणापुरता मुद्दा एवढाच की परत आले तेव्हा राजघराण्याचा मान होता, पण गादी सांभाळायची नव्हती. पुढे जे केलं ते गादीवर बसून जमलं नसतं.

1962 मध्ये क्वेट मासिरे यांच्यासोबत बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी काढली, 1965 च्या निवडणुकीत 31 पैकी 28 जागा घेतल्या आणि 30 सप्टेंबर 1966 ला देश स्वतंत्र झाला. हातात काय आलं बघा: महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ आणि त्यात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर. दुष्काळाने एक-तृतीयांशाच्या आसपास गुरं मेलेली. राजधानीसुद्धा काल-परवापर्यंत देशाबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगला होती. गाबोरोने नव्याने उभं करावं लागलं. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटिश अनुदानावर चालायचा.

आता तो कायदा. तोवर जमातीच्या जमिनीखालचं खनिज जमातीचं, आणि कंपनीशी करार करणार तिचा प्रमुख. खामांच्या पक्षाने 1965 च्या जाहीरनाम्यातच सांगितलं होतं की हे हक्क वाटाघाटी करून देशाकडे घेऊ. 1967 च्या खाण आणि खनिज कायद्याने ते झालं. त्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांचा साठा सापडला, तो नेमका बामांग्वाटोंच्या मुलखात. क्रम उलटा झाला असता, म्हणजे आधी खाण चालू आणि मग कायदा, तर सेरोवेला स्वतःची तिजोरी मिळाली असती आणि ती परत मागायची हिंमत गाबोरोनेत कोणाची झाली नसती. काँगोत कटांगा प्रांत 1960 मध्ये फुटून निघाला तो अशाच खनिजाच्या जोरावर.

जमीनवाटपही प्रमुखांकडून काढून भूमी मंडळांकडे दिलं (कायदा 1968 चा, अंमल 1970 पासून). हे सगळे मुकाट्याने घेतील असं नव्हतंच. बांग्वाकेत्से जमातीचे प्रमुख बाथोएन चिडले, 1969 मध्ये गादी सोडून विरोधी पक्षात गेले आणि कान्येत खुद्द उपाध्यक्ष मासिरेंना पाडलं! मासिरेंना विशेष नियुक्त सदस्य म्हणून संसदेत आणावं लागलं. प्रमुखांचे अधिकार छाटले, पण त्यांना संपवलं नाही. खोत्ला, म्हणजे गावसभा, तशीच ठेवली आणि सरकारी योजना तिथे जाऊन समजावायची रीत पाडली.

पैशाच्या वाटाघाटी हा मला सर्वात आवडणारा भाग. दक्षिण आफ्रिकेबरोबरच्या 1910 च्या सीमाशुल्क करारात या देशाच्या वाट्याला एकूण जमेच्या 0.27622 टक्के यायचे, आयात कितीही वाढो. 1969 मध्ये वाटा प्रत्यक्ष आयातीशी जोडून घेतला आणि तिजोरी पहिल्यांदा श्वास घेऊ लागली. हे हिऱ्यांच्या आधीचं आहे, लक्षात घ्या. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीच्या इथल्या खाण कंपनीत सुरुवातीला सरकारचा हिस्सा 15 टक्के होता. साठा किती मोठा आहे हे कळल्यावर 1975 मध्ये बोलणी पुन्हा उघडली आणि तो 50 टक्क्यांवर नेला. खाण जप्त केली नाही, कारण खणायचं कसं आणि विकायचं कुठे हे दोन्ही कंपनीकडेच होतं. 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन काढलं, पुला.

खर्चालाही लगाम होता. अर्थ आणि नियोजन ही खाती एकत्र केली आणि मासिरेंकडे दिली. विकास आराखड्यात नसलेलं काम घुसवायचं तर संसदेत जावं लागे. परदेशी अधिकारी घाईने घालवले नाहीत, आपली माणसं तयार होईपर्यंत ठेवले. यावर तेव्हाही टीका झाली, पण अननुभवी माणसाला डी बिअर्सच्या वकिलांसमोर बसवलं असतं तर 50 टक्के मिळाले नसते असं माझं मत आहे. सैन्यसुद्धा 1977 पर्यंत नव्हतं, पोलिसांवर भागवलं. शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) घुसखोऱ्या वाढल्यावर मात्र ते उभारावं लागलं.

लोकांकडूनही घेतलं. 1975 मध्ये लेसोथो हा देश बोत्स्वाना आणि स्वाझीलँडबरोबरच्या सामाईक विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा 'माणशी एक जनावर' अशी मोहीम निघाली. ज्याच्याकडे गुरं होती त्याने गुरं दिली, कोणी धान्य, कोणी अंडी, कोणी रोकड. आजच्या बोत्स्वाना विद्यापीठाच्या पायात तो पैसा आहे.

पण आरती ओवाळण्यासारखं सगळंच नाही. 1975 चं कुरण धोरण फसलं. हेतू असा की मोठ्या गुरंवाल्यांनी स्वतःच्या कुंपणात जावं, म्हणजे गावकुरणावरचा ताण कमी होईल. पण कुंपण घातल्यावर त्यांचा गावकुरणावरचा हक्क काढूनच घेतला नाही. त्यांनी स्वतःचं गवत राखलं आणि वर गावाचंही चारलं. ज्या जमिनी मोकळ्या समजून वाटल्या त्यावर बासारवा (सान) लोक पिढ्यानपिढ्या शिकार करून राहत होते, त्यांची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. सत्ताधाऱ्यांमध्ये गुरांचे मालक किती होते, हे ध्यानात घेतलं की हे धोरण असं का झालं ते कळतं.

दुसरी अडचण हिऱ्यांचीच. खाण पैसा देते, पण माणसं फार थोडी लागतात. रोजगार देणारा दुसरा मोठा उद्योग ना खामांना उभा करता आला, ना नंतरच्यांना. 13 जुलै 1980 ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ते पदावर असतानाच गेले. मासिरे काही गडबड न होता अध्यक्ष झाले. पक्ष मग 2024 पर्यंत सलग सत्तेत राहिला. त्या वर्षी हिऱ्यांची मागणी पडली होती, बेकारी वाढली होती, आणि मतदारांनी त्याला 4 जागांवर आणून ठेवलं.