चौथ्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर असताना श्रद्धा आणि जगायचं कारण कुठून आणता?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 43, कॅन्सर स्तनातून हाडांत गेलाय, डॉक्टर म्हणाले 'पूर्ण जाणार नाही, आटोक्यात ठेवू', आणि आता देवघरापुढे बसलं की काहीच वाटत नाही. मी अमळनेरची, ब्लाउज शिवते. 2018 ला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. 2022 च्या उन्हाळ्यात पाठ दुखायला लागली, मला वाटलं मशीनवर बसून बसून असेल. स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात निघालं. म्हणजे गाडी आपली एकच, मी दोन स्टेशनं आधी चढले.

तेव्हा मी देवावर रुसलेही नव्हते. रुसायला समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. त्यात लोक. एकीने सांगितलं, कुळाचारात काहीतरी चुकलं असणार. एकाने काढा आणून दिला, तो मी गोळ्यांबरोबर तीन आठवडे गुपचूप प्यायले, आणि रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी काय घेता, बाई?" काढा त्या दिवशी मोरीत गेला. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांचं तर मी नावच काढत नाही.

आमच्या गावात 1916 सालापासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, प्रताप शेठजींनी काढलेलं. केवढे विद्वान तिथे येऊन गेले असतील. मला जे काय मिळालं ते मात्र गव्हाच्या परातीत मिळालं.

तुम्ही खान्देशातल्या नसाल म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच नथ, दागिने घालून देवी करायची, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. तिचे रोट करायला गहू मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. आमच्या घरात माणशी सव्वा मूठ. ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत.

त्या वर्षी मुठी मोजायला मी बसले होते. थोरल्या दिरांच्या घरचे सहा, धाकट्यांचे चार, आमचे पाच. बोलता बोलता मी आमचे चारच घेतले. मुद्दाम नाही हो. हातच थांबला. चुलतसासू भिंतीला टेकून बसलेल्या. डोळ्यांना मोतीबिंदू, फारसं दिसत नव्हतं, पण परातीत गहू पडल्याचा आवाज त्या मोजत होत्या बहुतेक.

"तुन्ही मूठ कोठे शे व?" तुझी मूठ कुठे आहे गं, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "राहू द्या आत्याबाई, पुढच्या वर्षी..." आणि पुढचं बोलवेना. त्या बसल्या बसल्या सरकत आल्या, माझं मनगट चाचपून धरलं, हात गव्हाच्या पोत्यात घातला, सव्वा मूठ परातीत टाकून घेतली आणि परत भिंतीला टेकल्या. आशीर्वाद नाही, 'सगळं ठीक होईल' नाही. पुढचं गाणं सुरू केलं.

मला बरं कर असं मी कानबाईला तेव्हा मागितलं नाही, आजही मागत नाही. माझी श्रद्धा तुम्ही खरवडून काढलीत तर तळाशी एवढंच सापडेल की मला मोजणीत धरलंय. तेवढं मला पुरतं. तुम्हाला पुरेल की नाही, कसं सांगू?

हां, ओटी मी एकदा वेगळीही भरली. माझी कॅन्सरची गोळी पॅल्बोसिक्लिब, 21 दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी. सुरुवातीला ती घेताना मंगळसूत्राकडे बघायची वेळ यायची. 2023 च्या जानेवारीत तिचं पेटंट संपलं, आपल्या देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि भाव एकदम उतरला. पेटंट संपलं म्हणून देवीची ओटी भरणारी तालुक्यात मी एकटीच असेन. मधे ती गोळी काम करेनाशी झाली तेव्हा औषध बदललं. तो आठवडा वाईट गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता कारणाचं. 'उद्देश' हा शब्द मला पेलवत नाही, मी कामाचं सांगते. ऑपरेशननंतर माझंच ब्लाउज माझ्या अंगावर बसेना. रिकामी बाजू वर सरकायची, पदर सारखा ओढावा लागायचा. जुन्या सुती साडीची पिशवी शिवून कापूस भरला, तर ती इतकी हलकी की हात वर केला की गळ्याशी. मग कापसाच्या आत मोहरी घातली. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तोलून तोलून, दुसऱ्या बाजूचा अंदाज घेत, 300 ग्रॅमवर येऊन ठेपले. पावसाळ्यात मोहरी बदलावी लागते, नाहीतर वास येतो. ब्लाउजला आतून अस्तराचा कप्पा, हुक पुढून, कारण हात मागे जात नाही, आणि त्या बाजूचा मुंढा ऐसपैस, कारण दंडाला सूज येते. पहिलं माझं. दुसरं धुळ्याच्या एका बाईंचं, ती केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर होती. आत्तापर्यंत 63 झाले. एकीने ट्रायलला आरशात बघितलं, आडवी वळली, परत वळली, आणि म्हणाली, "आखाजीला माहेरी जाते मग." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. दोन वर्षं गेली नव्हती ती.

तुमच्या पाठीचं मात्र आधी बघा. रात्री झोप येत नाही इतकं दुखतं असं लिहिलंय, ते सोसत बसू नका, पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. तिथे फक्त शेवटचे पेशंट जातात हा गैरसमज आहे, मी पहिल्याच वर्षी गेले. पायात बळ कमी वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल गाठा. हाडांचं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या. आणि उपचाराला रेल्वेने जात असाल तर कॅन्सरच्या पेशंटला तिकिटात मोठी सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

देवघरापुढे काही वाटत नसेल तर काही दिवस बसूच नका. दिवा घरातल्या दुसऱ्या कोणाला लावू दे. आमच्याकडे तीन महिने ह्यांनी लावला. वात इतकी जाड वळायचे की देवघराचं छत काळं झालं. ते मी अजून पुसलेलं नाही.