बॅटरी काढून सायकल थेट उन्हावर चालेल का?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक सायकलची 36 व्होल्टची बॅटरी आता दम धरत नाही. नवी घेण्याऐवजी 100 वॅटची दोन सोलर पॅनल छतासारखी बसवून मोटर थेट त्यांच्यावर चालवली तर? मोटर 250 वॅटची आहे आणि मी सायकल दिवसाच चालवतो. – एक वाचक

उत्तर : तुमचा हिशेब चुकीचा नाही, म्हणून आधी तोच पूर्ण करू. पॅनलवर छापलेले वॅट हे प्रति चौरस मीटर 1000 वॅट ऊन आणि 25 अंश तापमानाचा सेल (पॅनलमधला वीज तयार करणारा तुकडा) धरून काढलेले असतात. रणरणत्या उन्हात सेल सहज 60 अंशांवर जातो आणि साधारण 14 टक्के ताकद तिथेच गळते. आडव्या पॅनलवर सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरकं पडतं, ती घट वेगळी. तरी चांगल्या उन्हात दोनशेतले 130-150 वॅट हाती लागावेत. सपाट रस्त्यावर हलके पेडल मारत ताशी 20 किलोमीटरनं जाताना मोटर शंभरेक वॅटच खाते. म्हणजे सरासरी पाहिली तर भागतं.

अडतं ते वेग घेताना आणि चढावर. मी दोन पॅनल सीरिजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडून हे पाहिलं आहे. काही न जोडता मल्टिमीटरवर 43 व्होल्ट दिसतात. मागचं चाक अधांतरी ठेवून थ्रॉटल (वेगाची मूठ) दिला की ते झकास फिरतं, आणि इथेच माणसाला वाटतं, जमलं! चाक जमिनीला टेकवून वर बसा आणि थ्रॉटल पिळा. कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा भाग, 12-15 अँपिअर मागू लागतो. पॅनल मात्र साडेपाच-सहा अँपिअरच्या वर देऊच शकत नाही, कितीही कडक ऊन असो. मागणी त्यापुढे गेली की व्होल्टेज धाडकन कोसळतं. ते 31 व्होल्टच्या आसपास आलं की बॅटरी संपली असं समजून कंट्रोलर मोटर बंद करतो. मोटर थांबताच व्होल्टेज पुन्हा चढतं, मोटर पुन्हा ओढते, पुन्हा बंद. गचके खात चाललेली सायकल रहदारीत नेणं धोक्याचं आहे.

सावलीचंही तसंच. पॅनलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यानं एका फांदीची सावली अख्ख्या पॅनलचा प्रवाह रोखते. सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे बायपास डायोड मदत करतात, पण त्या पॅनलचे व्होल्ट घटतातच आणि मोटर बंद पडते.

मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून पटकन देणारा भाग) लावू का, असंही काही जण विचारतात. 42 व्होल्टला भरलेला 1 फॅरडचा कपॅसिटर 31 व्होल्टपर्यंत उतरेस्तोवर जेमतेम 400 ज्यूल देतो. 250 वॅटच्या मोटरला ते दोन सेकंदही पुरत नाहीत.

म्हणून बॅटरी ठेवाच, मात्र लहान चालेल. पॅनल सरासरी भागवतं, बॅटरीनं फक्त ओढीचे क्षण सांभाळायचे. तिचे सेल 15 अँपिअर सहज देणारे हवेत. नुसते अँपिअर-अवर, म्हणजे साठवण, बघून पॅक घेऊ नका. 2013 साली फ्रान्सहून कझाकस्तानपर्यंत सौर सायकलींची 'सन ट्रिप' झाली, त्या लांबच्या वाटेवरही पॅनलच्या जोडीला बॅटरी होतीच.

छताबद्दल माझं मत स्पष्ट आहे : काचेचं पॅनल सायकलवर नको. एकेकाचं वजन सात-आठ किलो, वर आडवा वारा शिडासारखा ओढतो. लवचीक पॅनल बरंच हलकं असतं, तेही घट्ट चौकटीत बसवा. सायकल दिवसभर एका जागी उभी राहत असेल, तर पॅनल तिथेच जमिनीवर सूर्याकडे कललेलं ठेवून चार्जिंग करणं मला जास्त पटतं.

आता जोडणी. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये व्होल्टेज वाढवून देणारा, म्हणजे बूस्ट प्रकारचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर) हवा, आणि तो 42 व्होल्टवर, म्हणजे बॅटरी पूर्ण भरली की, थांबेल असा लावलेला हवा. मध्ये काही न ठेवता पॅनल थेट लिथियम बॅटरीला जोडू नका. बॅटरी भरली की तिचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतो, मग पॅनलचं मोकळं, म्हणजे काही न जोडता दिसणारं, व्होल्टेज मोटरच्या कंट्रोलरवर येऊ शकतं. दोन पॅनलना ते निभावेल. तीन सीरिजमध्ये लावलीत तर 65 व्होल्ट होतात आणि आतले 50 किंवा 63 व्होल्टचे कपॅसिटर फुटतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. हे करताना पॅनलवर जाड कापड टाकून ठेवा, कारण उन्हात त्याला बंद करायचं बटण नसतं.