थिजलेल्या पेशीत प्रवास कसा दिसला?

प्रश्न : ताई, मी कराडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रथिनं पेशीतल्या रायबोसोम या कणांवर तयार होतात, गॉल्जी या चपट्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात जातात आणि मग पेशीबाहेर पडतात, हे जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने शोधलं असं पुस्तकात आहे. पण त्यात पेशी जिवंत राहतच नाही ना? मग प्रवास दिसला कसा?

उत्तर : अगदी रास्त शंका. मायक्रोस्कोपच्या नळीत हवा नसते, म्हणून नेहमीच्या पद्धतीत पेशी आधी रसायनात स्थिर करायची, तिच्यातलं पाणी काढायचं, ती रेझिनमध्ये घट्ट बसवायची आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतके काप घ्यायचे. मी नोकरीभर हेच काप घेतले. पाण्यावर तरंगणारा काप चंदेरी दिसला की जीव भांड्यात पडायचा. जांभळा दिसला तर तो जाड, फेकून द्यायचा.

पलाडे मूळचे रुमानियाचे डॉक्टर, जन्म १९१२. १९४६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि त्याच वर्षी पेशीसंशोधक अल्बर्ट क्लॉड यांच्या बोलावण्यावरून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षी क्लॉड, कीथ पोर्टर आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या अख्ख्या पेशीचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेलं चित्र छापलं होतं. पण पेशी जाड, त्यामुळे पातळ कडाच काय त्या नीट दिसत. शिवाय दिसलेलं खरं की रसायनाने केलेली नासधूस, हा वाद होताच.

माझ्या मते पलाडेंचं पहिलं मोठं काम इथलं, आणि त्याचं कौतुक कमी होतं, कारण ते बाटलीतलं काम आहे. ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे पेशी स्थिर करणारं रसायन ऊतीत शिरण्याआधीच ऊती आम्लधर्मी होतात आणि बिघडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये त्यांनी ऑस्मियमला बफरची, म्हणजे आम्लता बदलू न देणाऱ्या द्रावणाची जोड दिली आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४ च्या आसपास धरला. प्रयोगशाळांत त्याला गमतीने ‘पलाडेचं लोणचं’ म्हणत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या घड्या, १९५५ मध्ये वर्णन केलेले ते बारीक कण, ज्यांना पुढे रायबोसोम हे नाव मिळालं, हे सगळं नीट दिसलं ते या तयारीमुळे.

आता तुझा प्रथिनांच्या प्रवासाचा प्रश्न. पंढरीच्या वाटेवर काही मिनिटंच पिवळे फेटे वाटले आणि मग वेगवेगळ्या वेळी दिंड्यांचे फोटो काढले, तर फोटो स्थिर असूनही पिवळे फेटे कुठून कुठे पोचले ते कळेल. पलाडे आणि जेम्स जेमीसन यांनी १९६७ मध्ये छापलेला प्रयोग असाच होता. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना किरणोत्सारी ल्यूसिन (प्रथिनं ज्यापासून बनतात त्यातला एक घटक) फक्त ३ मिनिटं दिलं, मग साधं ल्यूसिन. ठरावीक वेळाने एकेक चकती स्थिर केली. कापांवर फोटोचं इमल्शन पसरून ते अंधारात ठेवले, म्हणजे किरणोत्सारी प्रथिन जिथे असेल तिथे चांदीचे काळे कण उमटतात. सुरुवातीला कण रायबोसोम चिकटलेल्या खडबडीत जाळ्यावर म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर होते, ७ मिनिटांनी गॉल्जीच्या कडेला, ३७ मिनिटांनी गॉल्जीलगतच्या मोठ्या पिशव्यांत आणि सुमारे दोन तासांनी पाचकरसाच्या तयार कणिकांत. जिवंत हालचाल कुणी पाहिली नाही. वेळ मोजून मारलेल्या पेशी ओळीने मांडल्या, बस. क्लॉड आणि क्रिस्तियाँ द दूव यांच्यासोबत १९७४ चं नोबेल पलाडेंना मिळालं. पोर्टर यादीत नव्हते, आणि मला ते आजही खटकतं. पेशीतल्या त्या जाळ्याला नाव त्यांनी दिलं, आणि पातळ काप घेणारं यंत्रही त्यांनी जोसेफ ब्लम यांच्याबरोबर बनवलं.

प्रश्न : या क्षेत्रात यायला एमबीबीएस करावं लागतं का?

उत्तर : नाही. क्लॉड आणि पलाडे डॉक्टर होते खरे, पण क्लॉड तरुणपणी बेल्जियममध्ये पोलादाच्या कारखान्यात काम करत, आणि शाळेचं प्रमाणपत्र नसताना महायुद्धात सेवा केल्याच्या सवलतीवर त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला. पोर्टर जीवशास्त्राचे. तू एमएस्सीला प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घे, सोबत प्रकाशशास्त्राचा एखादा पेपर जमला तर बघ. जवळच्या विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असेल तर सुट्टीत तिथल्या ऑपरेटरला भेट, प्राध्यापकांना नंतर. काप घ्यायचे काचेचे नाइफ तोडायला आणि ग्रिडवर, म्हणजे बारीक धातूच्या जाळीवर, काप उचलायला तेच शिकवतील. आणि ऑस्मियमची बाटली फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, कधीही उघडू नकोस. त्याची वाफ थेट डोळ्यांना इजा करते.