वाचकांचे प्रश्न : स्टॅबिलायझर बार किती जाडीचा बसवावा?

प्रश्न (एक वाचक, सातारा) : स. न. वि. वि. माझ्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी आठ वर्षांची हॅचबॅक आहे. कामानिमित्त दर आठवड्याला यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जावे लागते. उतरताना वळणांवर गाडी फार झुकते आणि स्टिअरिंग वळवूनही ती बाहेरच्या कडेला सरळ निघू पाहते. पुढचा स्टॅबिलायझर बार मोजला, तो 22 मिलिमीटर भरला. पुण्यातील एका दुकानात 24 व 25 मिलिमीटरचे बार मिळतात. ‘फरक कळायला हवा असेल तर 25चाच न्या,’ असे दुकानदार सांगतो. मी कोणता घ्यावा?

उत्तर : निदान आत्ता तरी दोन्हींपैकी एकही घेऊ नये. आपल्या पत्रात तक्रारी दोन आहेत, गाडी झुकते ही एक आणि ती वळणात बाहेर निघते ही दुसरी. दोन्ही एकाच वळणावर जाणवत असल्यामुळे त्यांचा उपायही एकच असावा असे वाटते. परंतु जाड बार पहिली तक्रार थोडी कमी करून दुसरी बहुधा वाढवून ठेवील.

हा बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी कांब असते. तिचा मधला भाग गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांमध्ये धरलेला असतो आणि टोके लिंक रॉडने दोन बाजूंच्या चाकांच्या जुळणीला जोडलेली असतात. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर आली की बार बुशांमध्ये नुसता फिरतो आणि काहीच काम करीत नाही. वळणावर मात्र बाहेरचे चाक दबते, आतले सैल होते, बारला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीच्या झुकण्याला विरोध करतो. आता मुख्य मुद्दा असा की, वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाईल हे बार ठरवीत नाही; ते गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर आणि वळण घेण्याचा वेग यांवर ठरते. त्या भारातील किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या जोडीने, एवढेच बारच्या हाती असते. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत बाहेरच्या चाकावर जास्त भार लोटला जातो, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला की हा तोटा पुढच्या चाकांच्या वाट्याला येतो, आणि आपली पुढची चाके तर आधीच तक्रार करीत आहेत.

दुकानदाराच्या सल्ल्यात दुसरी खोच आहे ती आकड्यांची. 22 आणि 25 यांत फरक तीनच मिलिमीटरचा दिसतो. परंतु भरीव कांबेचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 22चा 24 केला तर बार सुमारे 42 टक्क्यांनी ताठ होतो आणि 25 केला तर सुमारे 67 टक्क्यांनी. हे वाचून हरखून जाण्याचेही कारण नाही, कारण झुकण्याला विरोध करणारा बार एकटा नसतो. स्प्रिंगाही ते काम करीत असतात. हिशेबापुरते असे धरू, की पुढच्या स्प्रिंगांचा विरोध 40, पुढच्या बारचा 25 आणि मागच्या बाजूचा सगळा मिळून 45 आहे. एकूण 110, त्यांतला पुढचा वाटा 59 टक्के. 24चा बार घातला की 25चे सुमारे 35 होतात, एकूण 120 होते, गाडीचे झुकणे जेमतेम नऊ टक्क्यांनी कमी होते आणि पुढचा वाटा साडेबासष्ट टक्क्यांच्या आसपास जातो. नऊ टक्के कमी झुकणे बसणाऱ्याला अंधुकसे जाणवेल. पुढच्या वाट्यातील वाढ मात्र ओल्या घाटात चांगलीच जाणवेल.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्या गाडीला लागू होऊ शकतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली जुळणी, असलेल्या गाडीत, गाडी झुकली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते आणि टायरचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्यावर टेकण्याऐवजी त्याची बाहेरची कडच अधिक भार घेते. अशा वेळी पुढचा बार थोडा ताठ केल्याने चाक उभे राहते आणि गाडी बाहेर निघण्याचे प्रमाण उलट कमीही होते. आपल्या पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मधल्या भागापेक्षा लवकर झिजत असतील आणि अलाइनमेंट ठीक असेल, तर हे लक्षण समजावे. तसे असले तरी एकच पायरी वर जावे, म्हणजे 23, फार तर 24. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा बार अति ताठ झाला, तर तीव्र वळणातून चढताना आतले चाक हलके होऊन जागच्या जागी फिरू लागते. पावसाळ्यात घाट चढताना हा अनुभव कोणालाही नको असेल.

आधी मात्र जे आहे ते नीट करून घ्यावे. आठ वर्षांच्या गाडीत बारचे बुश बहुधा ढिले झालेले असतात आणि लिंक रॉडचे गोळे झिजलेले असतात. त्यामुळे बारला पीळ बसण्यापूर्वी गाडी थोडी फुकटच झुकून घेते. मी स्वतः एकदा पसरणीच्या घाटात दोन दिवस गाडी फार लोळते म्हणून शॉकअपना दोष देत होतो, आणि रॅम्पवर चढवली तेव्हा एका बाजूची लिंक तुटून लोंबकळत असल्याचे दिसले. त्या दिवशी माझा खर्च नव्या बारच्या किमतीच्या आसपासही गेला नाही. टायरमधील हवा थंड टायरवर मोजावी आणि दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. पुढची हवा कमी असली तरी गाडी नेमकी आपण वर्णन केली तशीच वागते. टायरांचे वयही पाहावे. नक्षी शिल्लक असूनही जुने रबर कडक झालेले असते आणि कडक रबराला कोणताही बार पकड मिळवून देऊ शकत नाही.

हे सारे करूनही गाडी बाहेरच निघत असेल, तर बदल मागच्या बाजूला करावा. आपल्या प्रकारच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम असतो. तो आडवा बीम स्वतःच पीळ घेऊन बारचे काम करीत असतो, म्हणून मागे वेगळा बार दिसत नाही. अशा बीमला बोल्टने जोडायचे पूरक बार काही गाड्यांसाठी मिळतात. वरच्याच हिशेबात मागे केवळ 5ची भर घातली, तर पुढचा वाटा 59वरून साडेछप्पन टक्क्यांवर येतो आणि झुकणेही चार टक्क्यांनी घटते. म्हणजे पुढे 10 घालून जे बिघडले असते, ते मागे 5 घालून सुधारते. परंतु येथेही हात आखडताच ठेवावा, आणि जोडणीसाठी दोन-तीन भोके असलेला, ताठपणा बदलता येणारा बार मिळाला तर तो सर्वांत कमी ताठ ठेवणाऱ्या भोकापासून सुरुवात करावी. मागचा बार गरजेपेक्षा ताठ झाला, तर ओल्या उतारावर वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडताच गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. गाडी पुढून निसटली तर सामान्य चालक आपोआप वेग कमी करतो आणि ती सावरते; मागून निसटलेली गाडी सावरायला सराव लागतो. कंपन्या गाडीचा कल मुद्दाम बाहेर निघण्याकडे ठेवतात तो याच कारणाने, आणि तो कल थोडा कमी करावा, पुसून टाकू नये, असे माझे मत आहे.

बदलाची परीक्षा घाटात घेऊ नये. परवानगी घेऊन एखाद्या मोकळ्या, डांबरी किंवा काँक्रीटच्या आवारात सुमारे 20 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि त्यावरून वेग हळूहळू वाढवीत ताशी 30 ते 35 किलोमीटरपर्यंत जावे. वेग वाढताना वर्तुळावर राहण्यासाठी स्टिअरिंग अधिकाधिक वळवावे लागले, तर गाडी पुढून निसटते आहे; कमी वळवावे लागले, तर मागून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि टायरमधील हवा प्रत्येक वेळी सारखी ठेवावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

प्रश्न (एक वाचक, कुपवाड, जि. सांगली) : आमच्या ओळखीचा एक लेथवाला साधी पोलादी कांब तापवून, वाकवून बार करून देतो म्हणतो. स्प्रिंग स्टीलपेक्षा साधे पोलाद मऊ असल्यामुळे बार दोन मिलिमीटर जाड ठेवावा लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे काय?

उत्तर : आपल्या कारागिराचा समज सार्वत्रिक आहे, तरी तो चुकीचा आहे. साधे पोलाद असो की पाणी दिलेले, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेले, स्प्रिंग स्टील, पिळाला होणारा त्यांचा विरोध जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो पीळ सोडल्यानंतर. स्प्रिंग स्टील मूळ जागी परत येते. साधी कांब एका मर्यादेपलीकडे पिळली की तशीच पिळलेली राहते आणि गाडी एका बाजूला कलून उभी राहते, किंवा वारंवार पीळ बसून वाकणाच्या जागी चीर जाते. म्हणजे दोन मिलिमीटर जाडी वाढवून तो आपल्याला जास्त ताठ बार देईल, टिकाऊ मात्र देणार नाही. वाकवल्यानंतर पुन्हा रीतसर पाणी व टेंपर (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताने तापवणे) देण्याची सोय त्याच्याकडे नसेल, तर हे काम देऊ नये. आणि टोकाला पट्ट्या वेल्ड करून बार पुरा करण्याची सूचना आली, तर ती तेथेच थांबवावी.

ताठपणा व्यासावर जसा अवलंबून असतो, तसा टोकाच्या बाहूच्या, म्हणजे वाकवलेल्या भागाच्या, लांबीवरही असतो, हे मोजमाप घेताना विसरू नये. बाहू 220 मिलिमीटरचा 200 केला, तर त्याच जाडीचा बार चाकापाशी सुमारे 21 टक्क्यांनी ताठ ठरतो. बाहेरून आणलेल्या पोकळ बारची तुलना भरीव बारशी नुसत्या बाहेरच्या व्यासावरून करू नये. बाहेरून 25 आणि आतून 17 मिलिमीटर असलेला पोकळ बार साधारण साडेतेवीस मिलिमीटरच्या भरीव बारइतका ताठ असतो, आणि त्याचे वजन 25च्या भरीव बारच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त भरते.

बार बदलला की बुशही त्याच व्यासाचे घ्यावेत. 22चे बुश 24वर ताणून बसवले की बार त्यांत फिरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यावर गाडी विनाकारण ताठ लागते. लिंकचे नट शेवटी, चारही चाके जमिनीवर असताना आवळावेत.

प्रश्न (एक वाचक, तासगाव तालुका) : माझ्या चारचाकी ड्राइव्हच्या गाडीला उसाच्या फडातील चाकोऱ्यांतून जावे लागते. बार काढून टाकला तर चाके जमीन सोडत नाहीत असे ऐकले. कायमचा काढावा काय?

उत्तर : ऐकले ते खरे आहे. एक चाक खोल चाकोरीत आणि दुसरे बांधावर असताना बार त्या दोघांना एकमेकांकडे ओढतो, आणि तो सुटा केला की प्रत्येक चाक आपापली जमीन शोधते. परंतु उंच गाडी बाराविना डांबरी रस्त्यावर नेणे, आणि तेही उसाच्या ट्रॉलीला ओलांडण्यासाठी अचानक बाजूला घेणे, हा उलटण्याचाच मार्ग आहे. त्यामुळे कायमचा काढू नये. फडातच फार काम असेल, तर पिन काढून हाताने सुटी करता येईल अशी लिंक आपल्या गाडीसाठी मिळते का ते पाहावे, सुटे टोक ब्रेकच्या नळीला लागणार नाही असे बांधून ठेवावे, आणि शेतातून सडकेला लागण्यापूर्वी दोन्ही बाजू पुन्हा जोडाव्यात. एकच बाजू जोडायची राहून गेली तरी तो बार मुळीच काम करीत नाही.