आधी मोज, मग हात लाव

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये सकाळपासून शेक आणि करंट लावत बसतेस, आणि आता 'यासाठी नीटची परीक्षा दिली होती का' असं वाटायला लागलंय. काका विचारतात, "म्हणजे मालिशच ना?" काकांचं सोड. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये एकाही पेशंटचा एकही आकडा नाही. तू मोजत नाहीयेस, म्हणून तुला कुणी बरं होताना दिसत नाहीये. मग आवड टिकणार कशी?

गुडघा बदललेल्या त्या आजींचंच बघ. ॲप्रनच्या खिशातला गोनिओमीटर, सांध्याचा कोन मोजायची दोन पट्ट्यांची मोजपट्टी, बाहेर काढ. मधली खीळ गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. आधी आजींना स्वतः पाय वाकवू दे, सरळ करू दे, आकडे लिही. मग तू कर, ते वेगळे लिही. तुझ्या हाताने गुडघा पूर्ण सरळ होतो, पण त्यांनी स्वतः उचलला की दहा अंश वाकलेलाच राहतो? मग सांधा अडलेला नाही, क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, कमी पडतोय. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेव, टाच उचलायला लाव, 5 ते 10 सेकंद धरायला सांग. तुझ्या हातानेही सरळ होत नसेल तर तीच गुंडाळी टाचेखाली जाते आणि गुडघा खाली सैल सोडायचा. टॉवेल एकच, कुठे ठेवायचा ते आकडा सांगतो. न मोजता नुसता गुडघा दाबत राहिलीस तर आजी ओरडतील, बाकी हाती काही लागणार नाही. आणि घरी विचार, रात्री गुडघ्याखाली उशी ठेवतात का. मायेने ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो.

आकड्याला घर जोडायला शीक. जिना उतरायला साधारण 90 ते 100 अंश लागतात, उकिडवं बसायला 130 च्या पुढे. आजी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असतील तर आधी जिना. उकिडवं बसणं या गुडघ्याला नकोच, म्हणून कमोड खुर्चीचं पहिल्याच भेटीत सांग.

खांद्याचंही तेच. लोकलमधलं हँडल धरता येत नाही म्हणून आलेला माणूस अख्खा खांदा वर खेचून हात उचलतो आणि तुला वाटतं सुधारला. एका हाताने स्कॅप्युला, म्हणजे खांद्याचं मागचं पातं, दाबून धर, मग मोज. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर किती वळतो ते बघ. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडतो तेव्हा, सगळ्यात जास्त तेच अडतं.

चालण्यासाठी खुर्ची, 3 मीटर गॅलरी आणि घड्याळ पुरतं. उठून, जाऊन, वळून, परत बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धर.

मला हट्टी म्हणतात, मशीनविरोधी म्हणतात. तसं नाही. टेन्सने, म्हणजे त्वचेवरून हलका करंट देणाऱ्या मशीनने, दुखणं थोडा वेळ कमी होतं, तेवढ्यात व्यायाम करून घ्यावा, माझी ना नाही. खंत एवढीच की मशीनचं बिल होतं, मोजण्याचं होत नाही, म्हणून मोजणंच आधी सुटतं. या मुंबईत आपलं काम मशीनवर उभं राहिलेलं नाही. पोलिओच्या साथीनंतर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओत कुठला स्नायू गेला, कुठला शिल्लक आहे, हे एकेक स्नायू हाताने तपासून, त्याच्या ताकदीची 0 ते 5 श्रेणी लिहूनच ठरवावं लागतं. मी तोच धागा धरून बसले आहे आणि सोडणार नाही. "वेळ मिळत नाही" हे मला सांगू नकोस. गुडघ्याला दोन मिनिटं लागतात.

सोमवारपासून तीन पेशंट निवड. पहिल्या दिवशी मोज, दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच स्थितीत मोज, आणि कागद पेशंटलाही दाखव. महिन्याने आकडे घेऊन ये. फिजिओ सोडायचं का, ते तेव्हा बोलू. त्याआधी नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. आजींची काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. उंची मोजताना पायात रोजची चप्पल असू दे.