वाचकांचे प्रश्न : जंगलाला खत कोण घालतं?

प्रश्न : मॅडम, आमची उसाची शेती आहे. मुलगी बॉटनी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जंगलाच्या मातीवर संशोधन करणार म्हणते. घरच्यांचं म्हणणं, स्पर्धा परीक्षा द्यावी. जंगलातल्या मातीत शोधण्यासारखं असतं तरी काय? आणि त्यावर पोट भरतं का?
— एक वडील, पन्हाळा तालुका

उत्तर : शोधण्यासारखं इतकं आहे की एक जन्म पुरत नाही. मी हेच काम केलं, म्हणून खात्रीने सांगते.

तुम्ही लागणीपासून उसाला नत्र, स्फुरद, पालाश मोजून घालता. दाजीपूरच्या रानात कुणी खताचं पोतं फोडत नाही. उलट पावसाळ्यात तिथं पाऊस असा कोसळतो की मातीतलं विरघळणारं सगळं भोगावती नदीला मिळावं. तरी अंजनी, जांभूळ, हिरडा जोमात. हे कसं, हाच आमचा प्रश्न. नत्र निदान हवेतून जीवाणूंमार्फत येतं. स्फुरद मुळात खडकातून येतं, आणि जांभ्याच्या मातीतलं लोह व ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात, सुटू देत नाहीत. म्हणून झाड पान गाळण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र-स्फुरद परत ओढून घेतं. उरलेलं पाल्याबरोबर खाली येतं. वाळवी, वाणी, गांडुळं, बुरशी ते मोकळं करतात आणि मुळांवरची बुरशी ते पुन्हा झाडाला पोचवते. हा बराचसा व्यवहार वरच्या चार बोटं थरात चालतो.

हे मोजायचं कसं? नायलॉनच्या जाळीची पिशवी शिवायची, तिच्यात वाळवून तोललेली पानं भरायची आणि पावसाच्या तोंडाला ती झाडाखाली ठेवायची. दर महिन्याला काही पिशव्या उचलायच्या, पानांवरची माती हलक्या हाताने धुवायची, पानं ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलायची, मग त्यात नत्र-स्फुरद किती उरलं ते तपासायचं. बारीक जाळीत गांडूळ शिरत नाही, मोठ्या जाळीत शिरतं. दोन्ही शेजारी ठेवल्या की कुजवण्यात गांडुळांसारख्या मोठ्या जीवांचा वाटा कळतो. घाटातल्या पावसात शाईचं लेबल टिकत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नंबर कोरायचा. मला या कामाचा कधी कंटाळा आला नाही.

फळ मात्र उशिरा मिळतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून पावसातून काय येतं आणि ओढ्यातून काय जातं, ते मोजायला घेतलं. पुढे एका पाणलोटातली सगळी झाडं तोडून तो मुद्दाम उजाड ठेवला, तर ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं विरघळणारं रूप, ४० पटींहून अधिक वाढलं. झाडं गेली की मातीतलं नत्र पाण्याबरोबर जातं, याचा आकड्यांत पुरावा मिळाला. तिथल्या आम्लपावसाने मातीतलं कॅल्शियम झिजत गेल्याचं मात्र १९९६ मध्ये छापून आलं. दरम्यानच्या नोंदी कुणी नेटाने ठेवल्या नसत्या, तर ते कळलंच नसतं. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की कोरड्या प्रदेशातल्या जंगलात मातीतले सूक्ष्मजीव उन्हाळ्यात अन्नद्रव्यं आपल्या अंगात साठवतात आणि पावसाळ्यात, ऐन वाढीच्या वेळी, ती झाडांना मिळतात. मला आजही याचं नवल वाटतं.

आता पोटाचं. शिवाजी विद्यापीठात बॉटनी किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करू दे. मग नेट परीक्षा देऊन फेलोशिप मिळवली, की पीएच.डी.च्या काळात दरमहा पैसे येतात. पुढे विद्यापीठं आहेत, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आहे, डेहराडूनची वन संशोधन संस्था आहे. जागा थोड्या आहेत, कायम नोकरी मिळायला वर्षं जातात. हे तिला आधी सांगा. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं असेल तर शेतीतल्या माती परीक्षणाचीही वाट उघडी राहते. स्पर्धा परीक्षेचा आग्रह एक वर्ष बाजूला ठेवा, एवढं माझं मागणं.

तोवर यंदा तिला बांधावरच्या आंब्याखाली आणि खोडव्याच्या पाचटात अशा पिशव्या ठेवू द्या. तोलायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काटा मागावा, दुकानातला चालणार नाही. आणि ते पाचट पेटवू नका. त्यातलं बहुतेक नत्र धुराबरोबर जातं.

प्रश्न : देवराईतली माती तपासायला परवानगी लागते का?
— एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर : लागते. राधानगरी अभयारण्यात काम असेल तर वन विभागाची लेखी परवानगी हवीच. देवराईसाठी आधी गावकरी आणि पुजारी यांना विचारा. जमीन वन विभागाची असेल तर त्यांनाही. पुष्कळ देवरायांत वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही अशी रीत आहे आणि त्यामुळेच तिथला पाचोळ्याचा थर आपल्याला तुलनेला मिळतो. तेव्हा नमुना हवा तेवढाच घ्या, खड्डा तिथल्याच मातीने बुजवा, आणि निकाल हाती आले की मराठीत लिहून गावाला द्या.