ग आणि ब एकदमच कसा म्हणायचा?

प्रश्न : ऑफिसमधे एक नायजेरियन सहकारी आलाय, त्याची मातृभाषा योरुबा. त्यांच्या घोळदार झग्याला 'अग्बादा' म्हणतात म्हणे. मी म्हटलं की तो म्हणतो, ग वेगळा नको ब वेगळा नको. मला तर फरकच ऐकू येत नाहीये! मराठीत असं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही ताई, मराठीत हे व्यंजन नाहीये, म्हणूनच कान फसतोय. आपल्या 'लगबग'मधे पण ग-ब शेजारी येतात, पण आरशासमोर सावकाश म्हणून बघा, ग होतो तेव्हा ओठ उघडे असतात, ते मिटतात नंतर, ब साठी. योरुबात जिभेची मागची बाजू वर टेकलेली असतानाच ओठही मिटलेले असतात आणि दोन्ही जवळजवळ एकदमच सुटतात, म्हणजे हे जोडाक्षर नाही, एकच व्यंजन आहे, दोन जागी अडवलेलं. आणि शब्द तुटतो तो अ-ग्बा-दा असा. तुम्ही बहुतेक अग्-बादा असा तोडताय, तिथेच सगळं बिघडतं.

असंच क आणि प चं पण आहे. योरुबात साधा प नाहीच, त्यामुळे रोमन लिपीत लिहिताना त्यांनी 'पी' हे अक्षर सरळ या क्प लाच देऊन टाकलंय! सहकारी काही लिहून दाखवेल आणि तुम्ही प वाचाल, तर जरा जपून.

याला दुर्मीळ म्हणतात ते जगाच्या हिशोबाने, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत मात्र हे रोजचं आहे, अगदी लहान पोरंही सहज बोलतात, त्यामुळे कुणी विचित्र आवाज म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. खरोखर दुर्मीळ बघायचं तर पापुआ न्यू गिनीतलं रॉसेल बेट, तिथल्या येले भाषेत ओठ आणि जिभेचा पुढचा भाग एकदम मिटतात, प आणि त एकत्र म्हटल्यासारखं.

आता सरावाचं. आधी ओठ मिटा, मिटलेल्या ओठांमागे ग ची तयारी करा, मग दोन्ही एकदम सोडा. सुरुवातीला नुसता ब च ऐकू येईल, घाबरू नका. सहकाऱ्याला 'ग्बागुडा' म्हणायला सांगा, म्हणजे कसावा, आपला साबुदाणा होतो तोच कंद. शब्दाच्या सुरुवातीलाच ग्ब आहे, त्यामुळे तोडायला जागाच नाही, आणि तो बोलताना त्याच्या ओठांकडे बघा.